सनमायका लावलेलं तोडीचं मशीन

आमच्या भागात जानेवारी महिन्यात ओला रंग उघड्यावर ठेवू नये. ही सूचना रंगाच्या डब्यावर छापलेली नसते. डब्यावर ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’ एवढंच असतं. ‘उसापासून दूर ठेवा’ असं लिहायचं कंपनीच्या डोक्यात आलेलं नाही, कारण रंगाच्या कंपन्या मुंबईला असतात आणि ऊस आमच्याकडे, राहू-यवतच्या पट्ट्यात.

मी माणसाएवढी उंच प्लायवूडची पेटी लालभडक रंगवून अंगणात वाळत ठेवली आणि चहा प्यायला आत गेलो. तेवढ्यात ओढ्यापलीकडं कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं. पाचट जळालं की काळ्या राखेची भुरभुर सुरू होते. ती धुण्यावर पडते, पापडांवर पडते, पाहुण्यांच्या टकलावर पडते. त्या दिवशी तिनं सगळ्यांना वगळून माझी पेटी पसंत केली. चहा संपवून बाहेर आलो तर पेटीला अंगभर केस उगवले होते.

“अस्वल करताय व्हय सर?” कुंपणापलीकडून हौशीरामनं विचारलं.

हौशीराम माझा शेजारी. त्याच्या आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी मेंढरं विकून विहीर पाडली, आणि हौशीरामनं तीन एकर ऊस लावून उरलेला सगळा वेळ माझ्यासाठी राखून ठेवला आहे.

अस्वल नव्हतं. ते व्हिडिओ गेमचं मशीन होतं. समोर पडदा, खाली दांडा आणि बटणं, आणि आपण उभं राहून खेळायचं. मी कॉलेजात असताना दौंड स्टेशनच्या समोर एका बोळात असं मशीन होतं. शटल गाडी यायला नेहमीच उशीर असायचा आणि तो उशीर मी त्या मशीनवर सत्कारणी लावायचो. एक विमान, वरून उतरणारे किडे आणि आपल्याला तीन जीव. सत्त्याण्णव सालच्या एका दुपारी मी त्यावर बावन्न हजार तीनशे चाळीस गुण मिळवले. हा त्या मशीनवरचाच नव्हे, तर बहुधा दौंड तालुक्यातला विक्रम असावा. ‘बहुधा’ म्हणायचं कारण असं की पडद्यावर आकडा उमटला आणि लाईट गेली. मशीनचा मालक त्या वेळी पेपर तोंडावर घेऊन झोपला होता.

तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं मी ही गोष्ट सांगतो आहे. कुणीही विश्वास ठेवलेला नाही. माझी पत्नी रुपाली हिनं लग्नानंतर पहिल्या महिन्यात ठेवला होता, पण तो काळच वेगळा असतो. तिचा भाऊ सत्यजीत शिरूरला असतो. त्याच्यापुढं हा विषय निघाला की तो फक्त एवढंच म्हणतो, “दाजी, बरं झालं लाईट गेली. नाहीतर लाख झाले असते.” मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. वर्गात ऐंशी मुलं माझ्यावर अविश्वास दाखवतात, ते पगारात धरलेलं आहे. घरच्यांचं तसं नाही.

तेव्हा मी ठरवलं, मशीन स्वतः करायचं आणि सत्यजीतला समोर उभं करून तो आकडा मोडायचा. आतलं यंत्र पुण्याहून आणलं, पडदा जुन्या टीव्हीचा घेतला. सत्यजीत महिनाअखेरच्या रविवारी येणार होता. राहिला होता फक्त रंग.

“रंग काढून टाका,” हौशीराम म्हणाला. “आता येप्रिलपातूर राख पडतीया. सनमायका लावा. फडक्यानं पुसला की झालं.”

रुपालीलाही सनमायका पटला, पण तिच्या कारणानं. “हॉलमध्ये यायचं असेल तर ते फर्निचरसारखं दिसलं पाहिजे,” ती म्हणाली. “नाही दिसलं तर गोठ्यात.” आमच्या गोठ्यात सध्या गाय नाही, माझी जुनी स्कूटर, जुनी सायकल आणि एक अर्धवट राहिलेला सोलर बंब आहे. माझ्या योजनांचं ते वृद्धाश्रम आहे.

यवतच्या दुकानात रुपालीनं सागवानी रेषांचा सनमायका निवडला. तो निवडायला तिला अडीच तास लागले. आमच्या लग्नाचा निर्णय तिनं वीस मिनिटांत घेतला होता, हे मी दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, “सनमायका कायमचा असतो साहेब.”

सनमायका लावणं सोपं असतं. प्लायवर फेविकॉल पसरायचा, वर सनमायका ठेवायचा आणि दिवसभर वजन ठेवायचं. वजनाला काय ठेवावं, हा प्रश्न इतर जिल्ह्यांत पडत असेल. आमच्याकडं कारखान्याच्या सभासदांना सवलतीची साखर मिळते आणि ती प्रत्येक घरात पोत्यानं पडून असते. माझं एक पोतं होतं, हौशीरामनं त्याची दोन आणली. दुसऱ्या दिवशी पोती उचलली तेव्हा सनमायका घट्ट बसला होता आणि अंगणातल्या समस्त मुंग्या त्याच्या कडेनं प्रदक्षिणा घालत होत्या. त्यांतल्या काही फेविकॉलमध्ये कायमच्या स्थायिक झाल्या. उजव्या कोपऱ्यात कडेला नीट पाहिलं तर आजही दिसतात.

तोपर्यंत मी खुशीत होतो. मग दोन्ही बाजूच्या फळ्या पेटीला लावायला उभ्या केल्या. मशीनला डावी बाजू असते आणि उजवी बाजू असते. पायातल्या चपलांसारखीच त्या दोघींची तोंडं उलट असतात. मी दोन्ही फळ्या शेजारीशेजारी एकाच दिशेला आडव्या टाकून, एकदम, मोठ्या शिस्तीनं सनमायका लावला होता. आता माझ्याकडं दोन डाव्या बाजू होत्या. एकीचा सागवान बाहेर दिसत होता, दुसरीचा आत.

“आतनं चांगलं दिसतंय,” हौशीराम आत डोकं घालून म्हणाला.

बटणांच्या फळीची गोष्ट वेगळीच. तिला मी आधी हौसेनं सात भोकं पाडून ठेवली होती. मग त्यांच्यावरून अख्खा सनमायका डकवला. भोकं गेली. ती शोधायला मी बाजारात कलिंगड घेताना वाजवून पाहतात तशी फळी बोटांनी वाजवत बसलो. हौशीराम कान लावून ‘पोकळ’ किंवा ‘भरीव’ असा निकाल देत होता. सात भोकं होती, आम्हांला नऊ सापडली. दोन जास्तीच्या भोकांत मी दोन जास्तीची बटणं बसवली. ती काहीच करत नाहीत. कार्यालयात अशी पदं असतातच.

नव्या बाजूसाठी पुन्हा यवतला गेलो. सागवानी संपला होता. “नवा माल महिन्यानं,” दुकानदार म्हणाला. त्याच्याकडं होता तो एका पतसंस्थेच्या काउंटरसाठी मागवून उरलेला, फिकट राखाडी, कडेला निळी पट्टी. रविवार आठ दिवसांवर आला होता. मी तो घेतला, आणि एक बाजू सागवानी आणि बाकी राखाडी बरं दिसणार नाही म्हणून सगळ्या मशीनला, सागवानाच्या डोक्यावरूनही, तोच लावला.

तयार झालेलं मशीन मी पडवीत उभं केलं आणि रुपालीला बोलावलं. तिनं चारी बाजूंनी फिरून पाहिलं.

“फर्निचर आहे,” ती म्हणाली. मी छाती फुगवली. “पण घरातलं नाही. ऑफिसातलं आहे. याच्यासमोर उभं राहिलं की आपलं काहीतरी कागदपत्र कमी आहे असं वाटतं.”

तेव्हा निकाल असा लागला की सत्यजीत येऊन जाईपर्यंत मशीन पडवीत राहावं, पुढचं पुढं बघू.

मंगळवारी संध्याकाळी हौशीराम आला. मी त्याला दांडा कसा धरायचा ते दाखवलं. त्यानं तो बैलाचा कासरा धरावा तसा दोन्ही हातांनी धरला, आणि अर्ध्या मिनिटात त्याचे तिन्ही जीव गेले. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आकडा आला, एकशे वीस.

“म्हंजी माझा नंबर एकशे ईस?” त्यानं विचारलं.

मी तारा आवळत होतो. “हो, लागला तुमचा नंबर,” असं म्हणालो. माणसानं तारा आवळताना बोलू नये.

आता ज्यांच्याकडं ऊस नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊस लावणं आपल्या हातात असतं, तोडणं नसतं. कारखान्याचा शेतकी विभाग लागणीच्या तारखेप्रमाणं क्रम लावतो आणि त्या क्रमानं ऊसतोडीची टोळी येते. ती कधी येणार हे विचारण्यात आमच्या पट्ट्यातल्या माणसाचा निम्मा हिवाळा जातो. हौशीराम डिसेंबरपासून रोज विचारत होता. आणि बुधवारी सकाळी सात वाजता, कुणालाही न सांगता, टोळी त्याच्या फडात येऊन उभी राहिली.

त्यानं गावात काय सांगितलं हे मला माहीत नाही. पण दुपारी बापूसाहेब आले. बापूसाहेब म्हणजे गावातले मोठे बागायतदार, वय बाहत्तर, सोसायटीचे माजी चेअरमन. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स होती.

“सर, हितं बसवलं ते बरं केलं,” ते मशीनकडं पाहत म्हणाले. “कारखान्यावर कोण जातंय हेलपाटे घालाया. कागद कुठनं घालायचा ह्यात?”

“आबा, हा गेम आहे. खेळायचा.”

“त्ये आमाला ठावं हाय. समदा गेमच हाय.” त्यांनी डोळा मिचकावला आणि दांडा धरला.

आबांनी आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेला. हात स्थिर, नजर पक्की. त्यांचे तीन हजार चारशे झाले. मी टाळ्या वाजवल्या. आबांचा चेहरा पडला.

“तीन हजार चारशेवा?” ते म्हणाले. “आन् हौशीरामचा एकशे ईस? माझी लागण त्याच्या आधीची हाय!”

हा शास्त्राचा पाया होता. आकडा लहान, तोड लवकर. गुरुवारी माझ्या पडवीसमोर अकरा जण होते, शुक्रवारी चोवीस. आणि मी आयुष्यात पाहिलं नव्हतं ते पाहिलं. माणसं लवकरात लवकर मरायला शिकत होती. किडा दिसला की विमान त्याच्या अंगावर घालायची. कुणी डोळे मिटून खेळायचा, कुणी तोंड फिरवून. दोन हात मागं बांधून एकानं शून्य काढला तेव्हा मोठा वाद झाला. शेवटी हौशीरामनं निवाडा दिला, “शून्य म्हंजी नोंदच न्हाई. एक तरी किडा मारला पायजे.” एका किड्याचे दहा गुण. तेव्हा एकच किडा मारून ताबडतोब तीनदा मरायचं, ही कला विकसित झाली. ती वाटते तितकी सोपी नाही. शुक्रवारी रांगेतल्या सोजराबाईंनी बरोब्बर दहा काढले तेव्हा बायकांनी त्यांची दृष्ट काढली.

मी समजावून पाहिलं. “अहो, जास्त गुण म्हणजे चांगलं!”

“तुमच्या शाळंत असंल सर,” कुणीतरी मागून म्हणालं.

दोन जास्तीच्या बटणांनाही अर्थ प्राप्त झाला होता. डावं बटण नव्या लागणीचं आणि उजवं खोडव्याचं, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाचं, असं ठरलं होतं. कोणी ठरवलं ते विचारू नका. मला कुणी विचारलं नव्हतं.

शनिवारी कारखान्याकडून प्रगती मॅडम आल्या. शेतकी विभागात नव्यानंच लागलेल्या, गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल.

“सर, आपल्या घरून अनधिकृतपणे तोडीचे क्रमांक दिले जातात अशी तक्रार आहे.”

“कुणाची?”

“ज्यांना मोठा आकडा आला त्यांची.” त्यांनी मशीनवर हात फिरवला. “हे कोणत्या विभागाचं आहे?”

“माझं आहे. घरी केलंय.”

“घरी केलेलं असं दिसत नाही,” मॅडम संशयानं म्हणाल्या. पाच आठवड्यांत माझ्या सुतारकामाला मिळालेली ही पहिली दाद होती, आणि ती चौकशीत नोंदवली गेली. मग माझा खुलासा, तो दोन प्रतींत, त्याला जोडून ‘यंत्र केवळ करमणुकीसाठी आहे’ असं हमीपत्र. यंत्र कशाचं बनलेलं आहे या रकान्यात मी ‘प्लाय व सनमायका’ लिहिलं. मॅडमनी ‘रंग’ असा आणखी एक रकाना दाखवला. “लावला नाही,” मी म्हणालो. “का?” “उसामुळं.” त्यांनी ते लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

शेवटी त्यांनी फाईलमधून एक छापील कागद काढला आणि माझ्याच फेविकॉलनं मशीनच्या कपाळावर डकवला. ‘या यंत्रावर दिसणाऱ्या आकड्यांचा ऊसतोडणी कार्यक्रमाशी कोणताही संबंध नाही. शेतकी विभाग.’ खाली गोल शिक्का.

रंगावर तो कागद दोन दिवसांत सुटून पडला असता. सनमायक्यावर तो असा बसला की जणू कारखान्यातूनच लागून आला होता.

सगळ्यांनी शिक्का वाचला. मग हौशीराम हळूच म्हणाला, “संबंध नसता तर कारखाना कशाला आला असता?”

बिनतोड होतं. जाताना प्रगती मॅडम पायरीवर घुटमळल्या. इकडं तिकडं पाहून परत आल्या. “माझ्या वडिलांचा पण ऊस आहे,” त्या पुटपुटल्या, “पाटसकडं.” आणि तीस काढून गेल्या.

रविवारी सत्यजीत आला तेव्हा रांग फाटकाबाहेर गेली होती. त्याला आपल्या येण्याचा काही कार्यक्रम ठेवला आहे असं वाटलं आणि तो केस नीट करत आत आला.

“सत्यजीतराव,” मी म्हणालो, “आज तुमच्या डोळ्यांदेखत बावन्न हजार मोडतो.” आणि मशीनकडं गेलो.

हौशीरामनं हात आडवा केला. “सर, लायनीत या. घर तुमचं हाय, नंबर समद्यांचा हाय.”

माझ्याच पडवीत, मीच केलेल्या मशीनसमोर, मी सदतिसावा उभा राहिलो. सत्यजीत मात्र तेवढ्या वेळात रांगेतल्या लोकांत मिसळला, सगळी पद्धत समजून घेतली, आणि माझ्याकडं येऊन गंभीर चेहऱ्यानं कुजबुजला, “दाजी, तुमचा पण दीड एकर आहे ना? एकच किडा मारा. घाई करू नका.”

माझी पाळी आली. मी दांडा धरला आणि मला दौंडचा बोळ आठवला. माझी बोटं काहीच विसरली नव्हती. किड्यांची पहिली फळी गेली, दुसरी गेली. पाच हजार झाले तेव्हा मागं चुळबूळ सुरू झाली.

“सर, चुकतंय वो!”

“अहो, हाताला आवरा!”

वीस हजारांना आबा काठी टेकत जवळ आले. “सर, जमीन वडलांची हाय. तिचा तरी इचार करा.”

तीस हजारांना बायका तोंडाला पदर लावून पाहत होत्या. सोजराबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. चाळीस हजारांना अख्खी पडवी, एका सुरात, अत्यंत मायेनं ओरडत होती, “सर, मरा! सर, मरा की आता!” एखाद्या माणसाला इतकी माणसं इतक्या प्रेमानं मर म्हणताना मी ऐकलेली नाहीत. मी मेलो नाही. माझा एकच जीव गेला होता.

एकोणपन्नास हजारांना मला मागून सत्यजीतचा आवाज आला. “ताई, मेन स्विच कुठं आहे? दाजींना वाचवतो.”

अठ्ठावीस वर्षांपूर्वीचीच लाईट, आता मेहुण्याच्या हातानं जाणार होती. मान वळवता येत नव्हती. समोर किडे होते. हौशीराम म्हणत होता, “त्यो बघा, दाराच्या मागं.” चप्पल सरकल्याचा आवाज आला.

आणि मग रुपालीचा आवाज आला. मोठा नव्हता.

“स्विचला हात लावायचा नाही.”

“ताई, अगं ऊस...”

“राहू दे ऊस. बावीस वर्षं ऐकतेय मी हे. खेळू दे त्यांना.”

बावन्न हजार तीनशे. बावन्न हजार तीनशे वीस. तीस. चाळीस. पन्नास! मी पुढंही खेळलो असतो, पण पन्नासनंतर मला पडदा नीट दिसेना, आणि उरलेले दोन जीव मी आनंदानं देऊन टाकले. आकडा ठरला, बावन्न हजार सहाशे दहा. लाईट गेली नाही.

मी वळलो. चाळीसेक माणसं माना खाली घालून उभी होती. कुणीतरी टोपी काढली होती.

आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “जाऊ द्या सर. ऊस बेण्याला ठेवा, पुढच्या लागणीला तरी व्हईल.”

“सत्यजीत,” मी म्हणालो, “पाहिलंस? आता पटलं?”

“पटलं हो दाजी,” तो इकडंतिकडं पाहत म्हणाला, “पण बोलू नका कुणापाशी. आपल्यातच राहू दे.”

रुपाली तेवढी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “सत्त्याण्णवला पण झाले असतील.” एवढ्यासाठी मी पाच आठवडे, नऊ भोकं आणि दोन डाव्या बाजू पुन्हा भोगायला तयार आहे.

त्यानंतर अकराव्या दिवशी, शेतकी विभागाच्या क्रमाप्रमाणं, माझ्या दीड एकरात टोळी आली आणि ऊस तोडून गेली. त्याचा गावानं काढलेला अर्थ असा की सरांनी वर वशिला लावला, आणि बिचाऱ्यांनी लावला तरी काय चुकलं.

मशीन अजून पडवीतच आहे. माझा आकडा यादीत सगळ्यांत वर असतो, म्हणून हौशीराम रोज सकाळी येऊन पडद्याच्या वरच्या भागावर आपला टॉवेल टाकून जातो. परवा शिरूरहून कुणी पाहुणे मशीन पाहायला आले होते. त्यांनी टॉवेल उचलायला हात पुढं केला.

“त्ये ऱ्हाऊ द्या,” हौशीराम मध्ये उभा राहून म्हणाला. “आमच्या सरांचं हाय. लई चांगला माणूस हाय. हितं कुणी काढत न्हाई तो इषय.”